अस्सल कुठे आहे?

तानसाच्या काठावरच्या एका पाड्यातले आजोबा माझ्याकडे पहिल्यांदा आले ते भर आषाढात. पाऊस असा, की शहापूरच्या कोर्टाच्या आवारात वादी, प्रतिवादी आणि दोघांचे वकील एकाच पत्र्याखाली उभे. आजोबांच्या काखेत खताच्या गोणीची शिवलेली पिशवी होती. तिच्यात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात आणखी एक, आणि सगळ्यात आत लॅमिनेट केलेला कागद. १९७८ साली भावाभावांत आधीच झालेल्या वाटणीची यादी, गावच्या मास्तरांनी लिहून काढलेली. कोणतं खाचर कुणाचं, वरकस कुणाकडे, विहिरीचं पाणी कुणी कोणत्या दिवशी घ्यायचं. खाली चार अंगठे, दोन सह्या.

"लॅमिनेशन करून घेतलंय साहेब, आता काय होत नाय त्याला."

मी कागद उजेडाकडे धरला. अंगठे काळेकुट्ट, अक्षरंही तशीच काळी, कडेला यंत्राच्या काचेवरची रेघ. झेरॉक्स होती.

"अस्सल कुठे आहे?"

"थोरल्याच्या पोराकडं."

"आणि दावा कुणावर लावायचाय?"

"त्याच्यावरच की."

ही पुस्तिका त्या चार वाक्यांतून निघाली आहे. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत वकिली करताना मला सगळ्यांत जास्त वेळा हाच प्रसंग भेटला. माणूस खरा, त्याची हकिगत खरी, कागदावर लिहिलेलंही बहुधा खरंच. आणि तरी कागद कोर्टात उभा राहत नाही, कारण हातात आहे ती सावली आणि वस्तू दुसऱ्याच्या पेटीत. आमच्याकडे अस्सल कागद नेहमी दुसऱ्याकडेच असतो. थोरल्या भावाकडे, ज्याने उसने दिले त्याच्याकडे, पतपेढीत, तहसीलच्या अभिलेख कक्षात, नाहीतर 'साहेबांनी बघायला घेतला होता' त्या साहेबांकडे. गरिबाच्या घरी झेरॉक्स राहते. म्हणून अस्सल कागदाचा नियम शहरातल्या वाचकाला तांत्रिक वाटेल, इथे तो भाताच्या खाचराइतका रोजचा आहे.

नियम मुळात सोपा आहे. कागदात काय लिहिलंय हे सिद्ध करायचं असेल तर तो कागदच न्यायाधीशांसमोर ठेवा. त्याला प्राथमिक पुरावा म्हणतात. नक्कल, झेरॉक्स, 'मी तो कागद वाचला होता' असं सांगणारा साक्षीदार, हा सगळा दुय्यम पुरावा. आणि तो केव्हा चालेल याच्या वाटा कायद्याने मोजून दिलेल्या आहेत. १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमात ही कलमं ६१ ते ६६ अशी होती. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ ने घेतली आणि तोच मजकूर थोड्याफार भरीने कलम ५६ ते ६४ मध्ये आला. आकडे बदलले, बार रूममधली जीभ बदललेली नाही. आम्ही अजून 'पासष्ट'च म्हणतो.

जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी १८७२ चा कायदा लिहिला तेव्हा नक्कल म्हणजे कारकुनाने टाकाने उतरवलेला कागद. ओळ सुटायची, 'न' चा 'त' व्हायचा, कधी मुद्दाम व्हायचा. यंत्राची झेरॉक्स ओळ सोडत नाही हे खरं, पण तिचा खोटेपणा वेगळा आहे. दोन कागद जोडून एक झेरॉक्स काढता येते. खाडाखोड पांढऱ्या शाईखाली घालून वर झेरॉक्स काढली की खाडाखोड दिसत नाही. अस्सल कागद मात्र खूप बोलतो. स्टॅम्पपेपरच्या मागे विक्रेत्याचा शिक्का आणि तारीख असते, टाक कुठे दाबून चालला ते कळतं, घडी आधीची की शाई आधीची हे तज्ज्ञाला सांगता येतं. लॅमिनेशन यातलं बरंचसं मुकं करून टाकतं. शिवाय पुराव्यात घेतलेल्या कागदावर कोर्टाला शेरा लिहून सही करावी लागते, ती प्लास्टिकवर कुठे करणार? एका बाईंनी सासऱ्यांचं अस्सल मृत्युपत्र कौतुकाने लॅमिनेट करून आणलं होतं. ते सोडवताना कारकुनाच्या आणि माझ्या दोघांच्याही हाताला घाम फुटला होता.

मोडीचं प्रकरण आणखी गमतीचं. जुन्या खोती-इनामी घरांच्या पेट्यांतून अजून मोडी कागद निघतात. लोक ते जाणकाराकडून बाळबोधीत उतरवून घेतात आणि कोर्टात ती बाळबोध प्रतच दाखल करतात, कारण ती वाचता येते. मोडीचं जीर्ण पान घरी राहतं. कोर्टाला दोन्ही हवे असतात. पान, आणि ते उतरवणारा माणूस, जो पिंजऱ्यात उभा राहून म्हणेल की हे मी वाचलं. तीस वर्षांहून जुना कागद योग्य ताब्यातून आला तर त्यावरची सही-हस्ताक्षर खरं आहे असं कोर्ट गृहीत धरू शकतं. जुन्या कायद्यात हे कलम ९० होतं, आता ९२. पण ही सवलत अस्सल कागदाला आहे, नकलेला नाही. प्रिव्ही कौन्सिलने १९३५ मध्येच ते सांगून ठेवलं आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या कागदाची काल काढलेली झेरॉक्स ही कालचीच.

आता आजोबांकडे परत येतो, कारण त्यांचं काम या नियमाचा धडा आहे. अस्सल विरुद्ध पक्षाकडे असेल तर दुय्यम पुराव्याची वाट उघडी असते. पण वाटेवर एक फाटक आहे. आधी त्या माणसाला रीतसर नोटीस द्यावी लागते, की अमुक तारखेचा अमुक कागद तुमच्या ताब्यात आहे तो हजर करा. आम्ही दिली. उत्तर आलं, असा कागद कधी झालाच नाही. मग प्रश्न उभा राहिला की ही झेरॉक्स कशाची? नातवाची साक्ष घेतली. थोरल्या घरात लग्न होतं, तेव्हा काकांनी स्वतः कागद दिला, तो शहापूरला स्टँडजवळच्या दुकानात नेऊन दोन प्रती काढल्या, अस्सलशी ताडून पाहिल्या आणि त्याच संध्याकाळी अस्सल परत केला. एवढंच. पण हेच ते एवढंच असतं, जे शंभरातल्या नव्वद दाव्यांत कुणी सांगत नाही. झेरॉक्सला तिची जन्मकथा लागते. कुणी काढली, केव्हा, कशावरून, ताडली का, आणि अस्सल आज इथे का नाही.

याला वकिलांच्या भाषेत पाया घालणं म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाने जे. यशोदा (२००७) आणि एच. सिद्दिकी (२०११) या निकालांत हेच बजावलं, की पाया घातल्याशिवाय छायाप्रत पुराव्यात येत नाही.

पाया घातला, पुढे? यादी लिहिणारे मास्तर वारले होते. सह्या करणारे दोघेही नव्हते. कागद आत आला, तरी तो त्यांनीच लिहिला हे कोण सांगणार? एक सत्तरीचे गृहस्थ पुढे आले. चौथीपर्यंत मास्तरांच्या हाताखाली शिकलेले. उलटतपासात समोरच्या वकिलांनी विचारलं, पन्नास-साठ वर्षांपूर्वीचं अक्षर तुम्हाला कसं आठवतं? ते म्हणाले, "त्यांचा 'ळ' मी पाटीवर शंभर वेळा गिरवलाय." ज्याला हस्ताक्षराची ओळख आहे त्याचं मत कायद्याला चालतं. ते चाललं.

इथे एक भ्रम मोडायला हवा, आणि या पुस्तिकेतलं सगळ्यांत मोठं प्रकरण त्यावरच खर्च झालं आहे. आमच्या भागात कोर्टाची पायरी न चढलेल्या माणसालाही 'निशाणी' हा शब्द ठाऊक असतो. दावा निशाणी १, मनाईचा अर्ज निशाणी ५. 'पाचची ऑर्डर झाली का' असं एसटीतही ऐकू येतं. कागदाला निशाणी क्रमांक पडला की पक्षकार पेढे आणायला निघतो. निशाणी पडली याचा अर्थ कागद दप्तरात आला, एवढाच. तो शाबीत झाला का हा दुसरा प्रश्न, आणि त्यातला मजकूर खरा का हा तिसरा. सर्वोच्च न्यायालयाने १९७१ पासून हे पुनःपुन्हा सांगितलं आहे, आणि आम्ही वकील ते पुनःपुन्हा विसरतो. दुसऱ्या बाजूच्या वकिलालाही यात सापळा आहे. समोरचा झेरॉक्स घालत असताना गप्प बसलात आणि अपिलात ओरडलात की अस्सल नव्हता, तर उशीर झालेला असतो. शाबितीच्या पद्धतीबद्दलची हरकत कागदाला निशाणी पडत असतानाच घ्यावी लागते. वेंकटचला गौंडर प्रकरणात २००३ साली हे स्पष्ट झालं. कागद मुळातच अग्राह्य असेल तर गोष्ट वेगळी, ती हरकत नंतरही घेता येते. या हरकतींचा निर्णय केव्हा द्यायचा यावर मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाला २००८ मध्ये हेमेंद्र घिया प्रकरणात बसावं लागलं, यावरून गुंता केवढा ते कळावं.

स्टॅम्पचं दुखणं तर मी दर महिन्याला पाहतो. समृद्धी महामार्ग शहापूर तालुक्यातून गेला, जमिनींचे भाव चढले, आणि पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची साठेखतं पेट्यांतून बाहेर आली. कमी स्टॅम्पवर केलेला अस्सल कागद वाचवता येतो. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या कलम ३४ प्रमाणे कमी पडलेलं शुल्क आणि दंड भरा, कागद पुराव्यात घ्या. केंद्राच्या मुद्रांक कायद्याखाली झेरॉक्सला हा दवाखानाच नाही. शुल्क ज्या कागदावर भरायचं तो कागदच समोर नाही, तर भरणार कशावर? सर्वोच्च न्यायालयाने १९७१ आणि २००७ साली हे नक्की करून टाकलं आहे. महाराष्ट्राच्या कलम ३४ मध्ये शुल्क आणि दंड भरून नक्कल घेण्याची सोय आहे, पण तिचा पाया तरीही घालावाच लागतो.

सरकारी कागदांत मात्र लोक उगाच घाबरतात. सातबारा, फेरफार, आठ-अ, मोजणीचा नकाशा हे सार्वजनिक दस्तऐवज. त्यांचं अस्सल तलाठ्याच्या किंवा भूमी अभिलेखच्या दप्तरात राहणार, ते उचलून कुणी कोर्टात आणत नाही. रीतसर शिक्का-सहीची नक्कल, किंवा डिजिटल सहीचा उतारा, पुरेसा. अडचण होते ती मोबाईलवर फुकट दिसणारा सातबारा छापून आणल्यावर. तो फक्त बघण्यासाठी आहे, असं त्याच्यावरच लिहिलेलं असतं; पण आपण आकडे वाचतो, खालची ओळ वाचत नाही.

आणि नियमाची धार सरकारलाही लागते. ठाणे आणि रायगड जिल्ह्यांत असंख्य सातबाऱ्यांच्या इतर हक्कांत 'खाजगी वन' अशी नोंद आहे. १९७५ च्या महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियमाने ३० ऑगस्ट १९७५ रोजी खाजगी वनं शासनाकडे गेली, आणि त्यातल्या कित्येकांचा आधार होता भारतीय वन अधिनियमाच्या कलम ३५(३) खाली १९५० च्या दशकात काढलेल्या नोटिसा. गोदरेज अँड बॉइस विरुद्ध महाराष्ट्र शासन या प्रकरणात विक्रोळीच्या जमिनीबद्दल १९५६ ची अशीच एक नोटीस होती आणि तिच्या जोरावर फेरफार घातला गेला २००६ मध्ये. ३० जानेवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नोटीस काढली एवढ्याने भागत नाही, ती मालकाला बजावली गेली पाहिजे आणि त्याचं म्हणणं ऐकलं गेलं पाहिजे. प्रकरण दुय्यम पुराव्याचं नव्हे, हे मान्य. पण मुरबाडच्या शेतकऱ्याला मी ते मुद्दाम सांगतो. पन्नास वर्षं फाईलमध्ये पडलेला कागद बाहेर काढून शासन उभं राहिलं, तर त्यालाही विचारता येतं की पोच कुठे आहे.

आता या पुस्तिकेतला तो भाग, ज्याच्यासाठी मी खरं तर लेखणी उचलली. तानसाचं धरण १८९२ चं. त्या पाण्यावर मुंबई वाढली आणि भोवतीच्या जंगलाचं पुढे अभयारण्य झालं. या रानात कातकरी, वारली, ठाकूर, महादेव कोळी पिढ्यान्‌पिढ्या राहिले, पण कागदावर ते 'अतिक्रमणदार' म्हणूनच उमटले. वनरक्षकाने पकडलं, दंड केला, पावती फाडली. कित्येक घरांत कुटुंबाच्या नावाचा सगळ्यांत जुना सरकारी कागद म्हणजे ही दंडाची पावती. २००६ चा वन हक्क कायदा आला आणि पारडं उलटलं. १३ डिसेंबर २००५ पूर्वी ताबा होता हे दाखवायला तीच पावती कामाला आली. बापाला ज्या कागदाची लाज वाटायची तो मुलाने दाव्याला जोडला.

या कायद्याच्या नियम १३ मध्ये पुराव्यांची जी यादी आहे, तशी दिवाणी कायद्यात कुठे सापडणार नाही. घर, झोपडी, बांध, सपाट केलेली जमीन, मसणवट, देवस्थान, वंशावळ, आणि दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचं लिहून घेतलेलं निवेदन. २०१२ च्या दुरुस्तीने तर दावे तपासणाऱ्या समित्यांना बजावलं की अमुकच प्रकारच्या कागदाचा हट्ट धरू नका. तरीही उपविभागीय पातळीवर 'अस्सल पावती आणा, झेरॉक्स चालणार नाही' म्हणून परत पाठवलेली माणसं मी पाहिली आहेत. ती समिती म्हणजे कोर्ट नव्हे. तिथे साक्ष्य अधिनियमाचा हा काच लावणं चूकच.

उलट चूक आमचे कार्यकर्ते करतात. समितीपुढे चाललेलं वडीलधाऱ्यांचं निवेदन ते दिवाणी कोर्टात पुरावा म्हणून ठेवतात आणि निवेदन करणारे म्हातारबा घरी असतात. कोर्टात म्हातारबांनाच यावं लागेल, शपथ घ्यावी लागेल, उलटतपास सोसावा लागेल. दोन खिडक्या आहेत, दोन्हीकडचे नियम वेगळे. कोणत्या खिडकीसमोर उभे आहोत हे आधी वर मान करून वाचावं. निम्मी प्रकरणं तिथेच वाचतील, असं माझं मत आहे.

मोबाईलबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तरुण वाचक तेच पान आधी उघडतील. 'साहेब, पावतीचा फोटो आहे माझ्याकडे.' फोटोचं अस्सल म्हणजे ज्या फोनने तो काढला तो फोन. फोनवाला स्वतः साक्षीला येऊन फोन हजर करेल तर उत्तम. नाहीतर छापील प्रतीसोबत ती कोणत्या यंत्रातून कशी काढली हे सांगणारं प्रमाणपत्र लागतं. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर कैलास गोरंट्याल यांच्यापेक्षा २९६ मतांनी निवडून आले आणि वाद उभा राहिला उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर घेतला का यावर. पुरावा होता निवडणूक कार्यालयातल्या कॅमेऱ्याचं चित्रीकरण, सीडीवर उतरवलेलं. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १४ जुलै २०२० च्या निकालाने सगळ्या देशासाठी नियम घालून दिला. प्रमाणपत्र सक्तीचं; पण ज्याने मागून मागून पाय झिजवले आणि अधिकाऱ्यांनी दिलंच नाही, त्याचा दोष धरायचा नाही. नव्या कायद्यात ते कलम ६३ आहे आणि प्रमाणपत्राचा नमुना अनुसूचीत दिला आहे. तुमच्याकडचा फोन बदलायच्या आधी एवढं वाचा.

कागद हरवला असेल तर काय, हे पक्षकार खाली बघत विचारतात. हरवणं गुन्हा नाही. वाळवी लागते, कौलं गळतात, पुरात पेटी जाते. कायदा एवढंच पाहतो की तो तुमच्या स्वतःच्या कसुरीने किंवा हलगर्जीने गेला नाही ना. 'गहाळ झाला' या दोन शब्दांवर मात्र कोर्ट समाधानी होत नाही, आणि होऊ नये. कुठे ठेवला होता, शेवटचा कुणी पाहिला, कुठे कुठे शोधला, केव्हा. एका शपथपत्रात हे सगळं दहा ओळींत मावतं. आणि कागद नोंदणीकृत असेल तर दुय्यम निबंधकाकडे त्याची नक्कल मिळते, ती आधी काढा, रडणं नंतर.

कायदा गरिबाच्या विरुद्ध आहे का, असं मला पाड्यावरच्या सभांत नेहमी विचारतात. अस्सल मागणारा नियम नसता तर आमच्या भागातली निम्मी जमीन बनावट झेरॉक्सवर केव्हाच विकली गेली असती, असं मला वाटतं. चीड येते ती दुसऱ्याच गोष्टीची. दुय्यम पुराव्याच्या वाटा कायद्याने दीडशे वर्षांपासून उघड्या ठेवल्या आहेत, आणि त्या वापरायच्या वेळी पक्षकाराला कुणी काही विचारत नाही. मीही नव्या वकिलीत विचारलं नव्हतं. पहिल्या वर्षी एका विधवेची झेरॉक्स मी तशीच दाखल केली, पाया न घालता, आणि ती बाहेर पडली. त्या बाईंनी मला कधी बोल लावला नाही.

आजोबांच्या दाव्यात यादी वाचली गेली आणि विहिरीच्या पाण्याचे वार त्यातल्याप्रमाणे ठरले. थोरल्याच्या मुलाने अस्सल अखेरपर्यंत काढला नाही.

पुस्तिकेचं शेवटचं पान मुद्दाम कोरं ठेवलं आहे, चार रकाने आखून: कागद कोणता, अस्सल कुणाकडे, झेरॉक्स कुणी आणि केव्हा काढली, ताडताना कोण हजर होतं. पावसाळा लागायच्या आत पेटी उघडा आणि ते भरा. लॅमिनेशन करू नका. आणि पेन्सिलीने लिहू नका.